मुलगी अठराची होतेय, आता कोणता कागद आधी?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे:

"माझी मुलगी येत्या जूनमध्ये १८ पूर्ण करेल. तिला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिलंय आणि त्याची मुदत अठरा वर्षांपर्यंतच आहे. एक पाय लहानपणापासून अधू आहे, लंगडत चालते, पण त्याची कुठेच नोंद नाही. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी तिच्या नावाने बँकेत खातं काढलं होतं, मी पालक म्हणून सही करते. बँकेतले साहेब म्हणाले, ती अठराची झाली की तुम्हाला यातून पैसे काढता येणार नाहीत. आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि मी शिवणकाम करते. तिला निराधारचा पगार मिळावा अशी इच्छा आहे. तहसीलबाहेर बसणारा एक जण म्हणतो, ५,००० रुपये द्या, टक्के ८० करून देतो आणि पगार चालू करून देतो. दुसरं कोणी सांगतं, आधी कोर्टातून पालकत्व आणा, वकील लागेल. कुठून सुरुवात करू?"

ताई, त्या ५,००० रुपयांचा विषय आधी मिटवू. बौद्धिक दिव्यांगत्वात '८० टक्के' असा आकडाच नसतो. सामाजिक प्रगल्भतेच्या चाचणीत जे गुण येतात त्यावरून टक्के ठरतात आणि त्यांच्या पायऱ्या बांधलेल्या आहेत. गुण ५५ ते ६९ असतील तर ५० टक्के, ३६ ते ५४ असतील तर ७५, २१ ते ३५ असतील तर ९० आणि २० किंवा त्याहून कमी असतील तर १००. ७५ च्या पुढची पायरी थेट ९० ची आहे. मधले ८० कोणी 'करून देतो' म्हणत असेल, तर एकतर त्याला हे माहीत नाही किंवा तो तुम्हाला खोटा कागद देणार आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९१ नुसार, दिव्यांगांसाठीचे लाभ लबाडीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात अडकाल तुम्ही. तहसीलबाहेर बसणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

शिवाय तुम्हाला ८० ची गरज आहे का, तेही बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी दिव्यांगांना किमान ४० टक्के लागतात. ते तिच्याकडे आहेत. ८० टक्क्यांची अट आहे ती केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला, आणि तिथे दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नावही लागतं. केंद्राकडून त्यात ३०० रुपये येतात आणि वरची भर राज्य घालतं. महाराष्ट्रात दोन्ही वाटांनी हातात पडणारी रक्कम एकच. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती महिना २,५०० रुपये केली आहे, त्याआधी १,५०० होती. म्हणजे ज्या टक्क्यांसाठी तो पैसे मागतोय, त्यांनी पगारात एक रुपयाचाही फरक पडत नाही.

आता क्रमाकडे येऊ. तुमच्यासारख्या घरांचं काम अडतं ते बहुधा पात्रतेवरून नव्हे. प्रत्येक कचेरी आधीच्या कचेरीचा कागद धरून चालते, आणि अठराव्या वाढदिवशी तिचे तीन आधार एकदम संपतात: जुनं प्रमाणपत्र, बँकेतली तुमची सही आणि कायद्याने आपोआप मिळालेलं तुमचं पालकत्व. पगार आधी मंजूर झाला आणि खातं मागे राहिलं, तर पैसे जमा होतात पण निघत नाहीत. म्हणून जूनपर्यंतचे महिने आधार कार्ड आणि नावांवर खर्च करा, वाढदिवस होताच प्रमाणपत्र घ्या, ते हातात आलं की पालकत्व आणि पगार हे दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात द्या आणि पालकत्व मिळालं की खातं नीट करा.

जूनच्या आधी तिचं आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं दिव्यांग प्रमाणपत्र, रेशन कार्ड आणि पासबुक एका ओळीत मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. एका ठिकाणी 'सुप्रिया' आणि दुसरीकडे 'सुप्रीया' असेल, किंवा वडिलांचं नाव कुठे आहे आणि कुठे नाही असं असेल, तर आताच दुरुस्त करा. जन्मतारीख आधारवर नेहमीच्या पद्धतीने एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, तेव्हा कोणता कागद बरोबर आहे हे ठरवूनच केंद्रावर जा. घाईत चुकीच्या दाखल्यावरून आधार बदललं की ती संधी गेली.

आधारचं दुसरं काम बोटांच्या ठशांचं. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. अनेक दिव्यांग मुलांचं हे राहून जातं, कारण मूल केंद्रावर शांत बसत नाही आणि ऑपरेटर 'नंतर या' म्हणतो. नोंद जुनीच राहिली की पुढे बँकेत आणि रेशन दुकानात अंगठा जुळत नाही. सकाळी गर्दी नसताना न्या. आदल्या दिवशी घरी मोबाइलच्या काचेवर एकेक बोट टेकवून दाखवलं तर तिला सवय होईल. तिथे हात धुऊन पुसायला ओला रुमाल ठेवा. शिवणकाम शिकणाऱ्या किंवा भांडी घासणाऱ्या मुलींची बोटं खरखरीत असतात, पुसल्यावर ठसा बरा उमटतो. आधारला तुमचा चालू मोबाइल नंबर जोडून घ्या. पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येणार आहेत.

उत्पन्नाच्या दाखल्याची घाई मात्र करू नका. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरेल, म्हणून एप्रिल उलटल्यावर काढा. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. तलाठी चौकशीला येतील तेव्हा जमीन आणि शिवणकाम दोन्ही सांगा. लपवलेलं उत्पन्न गावातलाच कोणीतरी तक्रार करून बाहेर काढतो आणि पगार बंद पडतो. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखलाही याच फेरीत मागून घ्या.

आता प्रमाणपत्र. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पाच, दहा आणि अठरा वर्षांच्या टप्प्यांवर नव्याने घ्यावं लागतं आणि अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं. ही तपासणी शेवटची असते म्हणून तिच्यासाठी जास्त तयारी करा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. स्वतः भरलात तर पैसे लागत नाहीत, सेतू किंवा सायबर कॅफेवाला भरून देण्याचे घेईल तेवढेच. नूतनीकरणाचा अर्ज वाढदिवसाच्या आसपास करा, पण तपासणीची तारीख वाढदिवसानंतरची मागा. साडेसतराव्या वर्षी तपासणी झाली तर पुन्हा मुदतीचंच प्रमाणपत्र हातात पडू शकतं आणि सहा महिन्यांनी तोच फेरा. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असा नियम आहे, तेव्हा अर्जाची पोच छापून ठेवा. तीन महिने कधी उलटले ते त्या तारखेवरूनच मोजता येईल.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. मानसतज्ज्ञ एक चाचणी मुलीवर घेतात, बुद्ध्यांकाची. दुसरी, जिच्यावर टक्के ठरतात, ती मुख्यतः तुम्हाला प्रश्न विचारून होते. ही सामाजिक प्रगल्भतेची चाचणी, भारतीय मुलांसाठी नागपुरात बेतलेली. तिच्यात ८९ बाबी आहेत: जेवण, कपडे, स्वतःची स्वच्छता, बोलणं, एकटीने कुठे जाणं, लोकांत वागणं, काम करणं, आपलं आपण ठरवणं. म्हणजे तुमची उत्तरं हाच तिच्या गुणांचा पाया.

इथे आयांकडून एक गोष्ट हमखास होते. साहेबांसमोर मुलीची लाज वाटू नये म्हणून आई म्हणते, "हो, आंघोळ करते की." खरं चित्र वेगळं असतं. पाणी अंगावर घेते, पण साबण लाव म्हणून सांगावं लागतं, केस दुसऱ्याने धुवावे लागतात आणि दार आतून लावलं तर उघडता येत नाही. हे सगळं 'करते' या एका शब्दात दडून जातं. तेव्हा प्रत्येक कामासाठी तीनपैकी काय ते सांगा: न सांगता करते, सांगितल्यावर करते, की हात धरून करून घ्यावं लागतं. आठवडाभर वहीत लिहून ठेवा. बटणं लावते का, की फक्त गाऊन घालते? पाळीच्या दिवसांत पॅड स्वतः बदलते का, कधी बदलायचं ते कळतं का? १०० ची नोट देऊन दुकानात पाठवलं तर उरलेले पैसे बरोबर आणते, की दुकानदार देईल तेवढे? रस्ता एकटी ओलांडते का? गॅस पेटवते का, आणि बंद करायची आठवण राहते का? वाढवून सांगू नका. तपासणारे अनुभवी असतात, मुलीकडे बघतही असतात, आणि एका उत्तरात अतिशयोक्ती दिसली की बाकीच्यांवरचा विश्वासही जातो. तपासणीला जाण्यापूर्वी तिला खाऊ घाला, झोप झालेली असू द्या. फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्या नेहमीच्या वेळेलाच द्या आणि चिठ्ठी सोबत ठेवा. शाळेचे प्रगतीचे अहवाल, जुनं प्रमाणपत्र आणि लहानपणीचे दवाखान्याचे कागद मूळ आणि झेरॉक्स असे दोन संच न्या.

पायाचं काय करायचं? नोंदवा, नक्की नोंदवा. अर्ज भरतानाच दोन्ही दिव्यांगत्वं लिहा. नूतनीकरणाच्या अर्जात फक्त जुनंच दिसत असेल, तर पुढे जाण्याआधी सिव्हिलच्या दिव्यांग कक्षात विचारा. पाय तपासणारे हाडांचे डॉक्टर वेगळे असतात आणि त्यांचा वारही वेगळा असू शकतो. ते स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल आणि दोन पायांच्या लांबीतला फरक मोजून टक्के देतात. मग दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा धरायचा, ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. तिच्या बौद्धिक दिव्यांगत्वाचे ७५ कायम राहिले आणि पायाचे ३० निघाले, तर ३० गुणिले १५ भागिले ९० म्हणजे ५, एकूण बरोबर ८०. पायाचे २० निघाले तर साधारण ७८. म्हणजे ८० ला पोचायची एक खरी वाट आहे, आणि ती फुकट आहे. पण आम्ही पायाची नोंद सांगतोय ती टक्क्यांसाठी नाही. कॅलिपर, उंची वाढवलेला बूट किंवा कुबडी केंद्राच्या एडिप योजनेतून मिळवायची, तर अस्थिव्यंगाची नोंद कागदावर लागते. त्या योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना साधन पूर्ण मोफत मिळतं. अधू पायाला वेळेत आधार मिळाला नाही की कंबर आणि दुसरा गुडघा झिजतो. ते नुकसान कोणत्याही पगाराने भरून येत नाही.

प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. हातात आलं की तिथेच नाव, जन्मतारीख, टक्के, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि 'कायमस्वरूपी' हा शब्द तपासा. टक्के तुम्हाला अगदीच चुकीचे वाटले, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात नुसतं 'टक्के कमी दिले' असं लिहून भागत नाही. कोणत्या कामात काय मदत लागते ते वहीतलं टिपण आणि शाळेचा अहवाल जोडा.

आता पालकत्व. कोर्ट आणि वकील, दोन्ही बाजूला ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते: जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचे प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील या समितीकडे अर्ज करू शकतात. जिल्हाधिकारी कार्यालयात विचारलंत की अर्ज कोण घेतो ते कळेल. मुलीचं नवं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, तुम्हा दोघांचे आधार, फोटो आणि पालक होण्याची लेखी संमती लागते. तिला भावंडं असतील तर बऱ्याच ठिकाणी त्यांची ना-हरकतही मागतात. समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी असं कायदा सांगतो. पुढची बैठक कधी ते अर्ज देतानाच विचारा. एका कागदावरून बैठक हुकली की पुढची थेट तीन महिन्यांनी.

एक गोष्ट मात्र शांतपणे ठरवा. पालकत्व ही नुसती बँकेची अडचण सोडवायची चिठ्ठी नव्हे. कायद्याच्या नजरेत तुमची मुलगी अठराची झाली की तीही इतरांसारखीच प्रौढ असते आणि स्वतःचे पैसे सांभाळण्याचा हक्क तिलाही आहे. समितीनेही आधी हे पाहायचं असतं की पालकाची गरज खरोखर आहे का, आणि असली तर कोणत्या कामांसाठी. जिची मुलगी सही करते, पैसे ओळखते आणि 'हे पैसे कशाचे' हे सांगू शकते, त्या आईने पहिल्यांदा मुलीच्या स्वतःच्या नावाने साधं बचत खातं काढायचा प्रयत्न करावा. ७५ टक्क्यांत बहुधा पालक लागतोच. तुमच्या मुलीला पैशाचा हिशेब कळत नसेल तर अर्ज करा, पण तिचं मत विचारून आणि तिला सोबत घेऊन.

पालकत्व मिळालं की त्यासोबत जबाबदारीही येते आणि ती कोणी सांगत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत तिच्या नावावरची जमीन, पैसा, दागिने, देणी यांची यादी समितीकडे द्यायची. नंतर दर आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, वर्षाचा हिशेब. एक वही करा: तारीख, किती आले, किती खर्चले, कशावर. औषधं आणि डॉक्टरची बिलं त्याच वहीला पिन करा. तिच्या पगारातून किराणा भरणं चूक नाही, तीही त्याच घरात जेवते, पण दोन वर्षांनी कोणी नातेवाइकाने तक्रार केली तर उत्तर द्यायला ही वही लागेल.

बँकेतल्या साहेबांनी बरोबर सांगितलं आहे. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचं खातं मूल सज्ञान झालं की नव्या कागदांशिवाय चालत नाही. पैसे जमा होतात, पण पालकाच्या सहीने काढता येत नाहीत. पालकत्वाचं प्रमाणपत्र घेऊन गेलात आणि बँकेने 'कोर्टाचंच आणा' म्हटलं, तर सांगा की स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र स्वीकारावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलं आहे. तोंडी सांगून भागलं नाही तर शाखाधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बरेच प्रश्न शाखेतच सुटतात.

आता सगळ्यात फसवी जागा. योजनांचे पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात, येतात आणि ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. तिच्या आधारला डीबीटीसाठी जे खातं जोडलेलं असेल त्यात जातात. एका आधारला एका वेळी एकच खातं. तुमच्या मुलीचं बहुतेक ते जुनं शिष्यवृत्तीचं खातं असेल. म्हणजे पगार मंजूर होईल, मेसेज येईल आणि पैसे नेमके त्या बंद सहीच्या खात्यात जाऊन बसतील. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. चालू करायच्या खात्याच्या शाखेत जाऊन 'आधार सीडिंग'चा संमती अर्ज भरा. 'आधार लिंक आहे' एवढ्यावर परत येऊ नका. केवायसीसाठी आधार जोडणं आणि डीबीटीसाठी सीडिंग करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि काउंटरवरचा माणूस अनेकदा पहिल्याबद्दल बोलत असतो. आठवड्याने पुन्हा स्टेटस बघा, नवं खातं 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे.

पगाराचा अर्ज तहसील कचेरीच्या संजय गांधी शाखेत जातो. १८ ते ६५ वयाच्या अर्जदारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र, वय, रहिवास, उत्पन्न, आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि फोटो लागतात. पालकत्व मिळेपर्यंत थांबू नका. शाखेत विचारा, आई म्हणून तुमच्या सहीने अर्ज घेत असतील तर लगेच द्या. तालुका समिती मंजुरी देते, त्यात महिने जातात आणि रक्कम मंजुरीनंतर सुरू होते. तेवढ्या वेळात पालकत्व आणि खातं मार्गी लागेल. पोच घ्या, तिच्यावरचा नंबर आणि तारीख नीट जपा. समितीची बैठक झाल्यावर यादीत नाव आहे का ते स्वतः बघा. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा कारण एखाद्या जुन्या दाखल्याचं किंवा नावाच्या स्पेलिंगचं निघतं.

ग्रामपंचायतीकडेही एक अर्ज द्या. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. लहान गावात ही रक्कम किरकोळ असते आणि विचारणारा नसला तर तशीच पडून राहते. यूडीआयडीची प्रत ग्रामसेवकांकडे देऊन दिव्यांगांच्या नोंदवहीत नाव घाला. ग्रामसभेत विचारलं तर जास्त चांगलं.

राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही तिच्यासाठीच आहे, याच चार प्रकारांना मिळते. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपीही त्यात काही मर्यादेपर्यंत बसतात. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते, मुलीच्या विशेष शाळेत विचारा. पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मागायचे अशी पद्धत आहे. म्हणून प्रत्येक बिलावर तिचं कार्डावरचंच नाव हवं, डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि दावा महिना उलटायच्या आत पाठवा. औषध दुकानदार घाईत बिलावर 'कॅश' लिहितो, तिथे लगेच नाव घालून घ्या.

पगार चालू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मागतात. तहसीलने दिलेली मुदत कॅलेंडरवर लिहा, त्याखाली ३१ मार्चला निरामयचं नूतनीकरण आणि ३० जूनला समितीचा हिशेब. एखाद्या महिन्याचा पगार आला नाही तर आधी सीडिंग स्टेटस बघा, मग पासबुक भरून घ्या आणि मगच तहसीलला जा. जाताना यूडीआयडी, आधार आणि पोच यांची एकेक झेरॉक्स पिशवीत असू द्या, कारण शाखेत पहिला प्रश्न तक्रारीचा नसतो, अर्ज क्रमांकाचा असतो.